मामांचं ‘नको’: लकव्यानंतर आंघोळीला तयारच होत नाहीत

मागावरची_सून | ८ जुलै, रात्री १०.४०

बेळगावच्या वडगावात राहते. सासऱ्यांना (मी मामा म्हणते) पाडव्याच्या आधी लकवा झाला. आमच्या गल्लीत ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. वय ७१. सगळं आयुष्य मागावर, शेवटची काही वर्षं पॉवरलूमवर. आता काठी आणि एका माणसाचा आधार घेऊन दहा-बारा पावलं चालतात, डाव्या हाताने जेवतात. टीव्हीवर कीर्तन लागलं की बरा पाय तालावर हलतो, म्हणजे समजतं सगळं.

अडलंय ते आंघोळीवर. आज धड आंघोळ होऊन बारावा दिवस. न्हाणीकडे न्यायला लागलं की पलंगाची दांडी डाव्या हाताने अशी धरतात की दोघांनाही सोडवत नाही. मागाचा हात आहे, जोर अजून तसाच. तोंडाने ‘नको नको नको’. मिस्टर उद्यमबागेत कारखान्यात आहेत, पाळी बदलते, रविवारी घरी. ब्युरोतून एक मुलगा ठेवला होता, तो तीन दिवसांत गेला. जाताना म्हणाला, आजोबा मारतात.

राहिले मी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत. आणि माझं म्हणाल तर, हा माणूस वीस वर्षं खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात आला नाही. आत सून आहे म्हणून. त्यांच्या अंगावरचं धोतर मी कसं सोडू, आणि त्यांनी ते कसं सोडू द्यावं?

वर सासूबाईंचं वेगळंच. आंघोळ झाल्याशिवाय चहा द्यायचा नाही, पारोशाने खाल्लेलं अंगी लागत नाही. रोज सकाळी सातला घरात युद्ध. ते ‘नको’ म्हणतात, ह्या चहा अडवतात, मी मागच्या दाराने कप नेते. शेजारीण सांगते, वारं गेलेल्याला पाणी आणि गार हवा लागू देऊच नये. पावसाने कपडे वाळत नाहीत. खोलीत वास यायला लागलाय. जांघेत लाल झालंय, खाजवतात.

दवाखान्यातून सोडताना गोळ्यांची चिठ्ठी दिली, सकाळी कुठली, रात्री कुठली ते दोनदा सांगितलं. आंघोळ कशी घालायची ते कुणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

हिंडलगा_नाका | ८ जुलै, रात्री ११.१५

वैनी, मी आपल्या बेळगावच्याच भाषेत लिवतो, राग मानू नका. आमच्या आज्जालाबी असंच झालतं. न्हाणीच्या दारात गेला की चौकट धरून बसायचा. आमी म्हणूलालो हट्ट करूलालाय. हट्ट न्हवता ओ. न्हाणीत उतरायला एक पायरी खाली हाय, त्यो पाय खाली सोडायला भ्यायचा. बानं फळी टाकून उतार केला, वर पोतं अंथरलं, झालं की काम.

आनि एक. कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगायला लोक येतील. च्या पाजा, दारातनंच लावून द्या.

येळ्ळूरकर | ९ जुलै, सकाळी ७.०२

ताई, रोज आंघोळ घालायलाच हवी असं डोक्यातून काढा. डायपर आणि ओले वाईप्स वापरा, आठवड्यातून एकदा रविवारी तुमचे मिस्टर घालतील. सुनेवर हा भार टाकणं मुळात चूक आहे. मुलगा असताना सून का?

मागावरची_सून | ९ जुलै, सकाळी ९.३०

येळ्ळूरकर, मुलगाच घालतो हो रविवारी. मागच्या दोन रविवारी त्यालाही जमलं नाही. दुसऱ्या वेळी पाणी ओतलं आणि मामा रडले. एवढ्या मोठ्याने, की मिस्टरही न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. त्यानंतर त्यांनीही हात टेकलेत.

फिजिओ_टिळकवाडी | ९ जुलै, दुपारी २.२०

मी लकव्याच्या पेशंटांबरोबर काम करते. प्रत्यक्ष न पाहता निदान करणार नाही, पण तुमच्या लिहिण्यात दोन-तीन जागी थबकले.

पहिलं, ते ‘नको’. वाचा गेलेल्या माणसाकडे कधीकधी एक-दोनच शब्द उरतात, आणि तोंड उघडलं की तेच बाहेर पडतात. मनात ‘हो’ असलं तरी तोंडातून ‘नको’. मामा चहाला काय म्हणतात? जेवणाला? सगळ्यालाच ‘नको’ म्हणून मग खात-पीत असतील, तर त्यांच्या शब्दावर जाऊ नका, हाताकडे आणि चेहऱ्याकडे बघा. पलंगाची दांडी धरणं मात्र खरं ‘नको’ आहे. ते पाण्याला आहे, न्हाणीला आहे, माणसाला आहे की कपडे काढण्याला, ते शोधायला हवं. तुकडे करून बघा. बसल्या जागी ओल्या पंचाने तोंड पुसलेलं चालतं का? पाय बादलीत बुडवलेले चालतात का? जिथे हात दांडीकडे जाईल, तिथे कारण आहे.

दुसरं, ताटात काही शिल्लक राहतं का? कुठल्या बाजूचं? डाव्या मेंदूच्या झटक्यात दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर जाऊ शकते. डोळे धड असतात, चष्म्याने फरक पडत नाही, आणि घरच्यांच्या लक्षातही येत नाही. अशा माणसाला उजवीकडून आलेला हात अंगाला लागल्यावरच कळतो. उजवीकडून ओतलेलं पाणी तर आभाळातून पडल्यासारखं. मग ‘आजोबा मारतात’ यात नवल नाही.

तिसरं, रडणं. मेंदूला मार बसल्यावर रडण्या-हसण्याचा लगाम सैल होतो, किरकोळ गोष्टीलाही हुंदका फुटतो. दर वेळी ते दुःखच असतं असं नाही. पण लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला खरोखरचं नैराश्य येतं आणि त्यावर औषध असतं. झोप, भूक, कुणी आल्यावर चेहरा फुलतो का, हे टिपून ठेवा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा.

जांघेतली लाली तोवर थांबणार नाही. साध्या पाण्याने पुसायचं, मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पावडरचे थर लावू नका, घामाने लगदा होतो. हा पावसाळा आहे, नायटा असेल तर मलम डॉक्टरांनाच विचारा. घरातलं जुनं मलम नको. आणि माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभरही फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची सुरुवात.

निपाणीकर_लेक | ९ जुलै, रात्री ९.५०

माझ्या आईची गोष्ट सांगते. तिला तीन वर्षांपूर्वी झालं, डावी बाजू. ती पाण्याला नाही म्हणायची नाही, लुगडं सोडायला म्हणायची. नऊवारीशिवाय जन्मात काही नेसली नव्हती, आणि आम्ही हॉस्पिटलसारखा मागून बंद लावायचा गाऊन शिवून आणला. पाठ उघडी राहते म्हणून ती पलंगावर भिंतीला पाठ लावून दिवसभर बसायची. शेवटी जुनं लुगडं कापून दोन तुकडे केले, कमरेला नाडी लावली, झंपर पुढून उघडणारं आणि हुकांच्या जागी चिकटपट्टी. वरून बघणाऱ्याला लुगडंच वाटतं. त्या दिवसापासून आंघोळीचं भांडण निम्मं संपलं.

कपड्याचा एक नियम आम्हाला शिकवला होता: घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी. आम्ही महिनाभर उलटं करून तिचा खांदा दुखवला होता. लुळा हात धरून ओढायचा नाही, बगलेत हात घालून उचलायचंही नाही. खांदा सैल पडलेला असतो, सांध्यातून सरकतो.

अंग पुसताना आम्ही सगळं उघडं करतच नाही. चादर पांघरलेलीच ठेवतो. एक हात बाहेर काढतो, धुतो, टिपतो, झाकतो, मग दुसरा. तोंडापासून सुरुवात, खालचं शेवटी, तेव्हा पाणी आणि फडकं दोन्ही बदलून. बायकांचं पुढून मागे पुसायचं, उलटं केलं तर लघवीचा संसर्ग होतो. आणि खालचं तिचं तीच पुसते. फडकं तिच्या बऱ्या हातात देऊन मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. तिला नीट जमत नाही. नंतर ‘पांघरूण नीट करते’ म्हणून मी एकदा हात फिरवते. दोघींनाही ठाऊक असतं.

आमच्या निपाणीत मिश्रीचं प्रकरण निराळंच. ब्रश तोंडाजवळ नेला की आई तोंड मिटायची आणि बोटाने मिश्री मागायची. डॉक्टरांनी तंबाखू पूर्ण बंद सांगितलेली. मग रिकाम्या मिश्रीच्या डबीत साधं दंतमंजन भरलं. पहिल्याच दिवशी ओळखलं आणि माझ्याकडे असं बघितलं! पण लावलं.

चंदगडी | १० जुलै, सकाळी ८.१५

डबीची आयडिया जबरदस्त. आमच्याकडे वडिलांसाठी रबरी वाटी दाबून हवेने चिकटणारी हँडलं ऑनलाइन मागवून न्हाणीच्या टाइल्सवर लावली होती. आठवडाभर टिकली. आठव्या दिवशी वडिलांनी जोर दिला आणि हँडलासकट खाली. डोक्याला चार टाके. तेव्हा गवंडी बोलावून भिंतीत बोल्टने स्टीलची दांडी बसवा, बऱ्या हाताच्या बाजूला. टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नव्हे, हेही गवंड्याला सांगा.

प्लॅस्टिकची खुर्चीही ओल्या शहाबादीवर पाय फाकते. पायांना रबरी टोप्या लावा, हात असलेलीच घ्या. आणि आतली कडी काढून टाका.

हिंडलगा_नाका | १० जुलै, सकाळी ८.४०

चंदगडी, तुमी महाराष्ट्रात, आमी कर्नाटकात, पर शहाबादी फरशी दोनी राज्यात सारखीच पाडते बगा.

संपादक | १० जुलै, सकाळी ९.००

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथे फरशीपुरतंच राहू या.

मागावरची_सून | ११ जुलै, रात्री १०.०५

फिजिओताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. सांगते.

चहाला मामा ‘नको’ म्हणतात. मग कप घेऊन संपवतात. औषधाला ‘नको’, नातवाला ‘नको’, नातवाच्या गालाला हात लावतानासुद्धा ‘नको’. इतके दिवस कानांनी ऐकलं आणि डोक्यात शिरलं नाही.

आणि ताट. आमच्याकडे वाढणी नेहमीची: मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे. हे दोन महिने चटणी-भाकरी खाऊन उठतात, भाजीला बोटही लावत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, तिखटाची चटक लागली. काल मी ताट वाढलं आणि काही न बोलता अर्धं फिरवलं. वांग्याची भाजी डावीकडे आली. सगळी भाजी खाल्ली, वाटी पुसून. आणि या वेळी चटणी तशीच राहिली.

सासूबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून चहा आधी दे.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. न्हाणीत पाहिलं तर आमची खुर्ची अशी की भिंत डावीकडे आणि पाणी घेऊन उभं राहणारा माणूस उजवीकडे. तो मुलगाही तिथेच उभा असायचा, मिस्टरही.

डाव्या_हाताने | १२ जुलै, सकाळी ६.३०

खानापूरहून. एका बोटाने टाइप करतोय, चुका पोटात घाला. मला २०१९ साली झालं, तेव्हा मी ५२ वर्षांचा. उजवीच बाजू. बोलणं हळूहळू परत आलं. तेव्हा मामांच्या जागेवरून थोडं सांगतो, कारण ते आत्ता सांगू शकत नाहीत.

पडण्याची भीती तुम्हाला वाटते तशी नसते. तुम्हाला वाटतं, पडलो तर लागेल. मला वाटायचं की मी आत्ता पडतच आहे. खुर्चीत बसलेलो असतानासुद्धा. उजवं बूड आहे की नाही ते कळत नव्हतं, अर्ध्या खुर्चीवर बसल्यासारखं. त्यात कपडे काढले की माणूस आणखी हलका होतो. बरा हात कशालातरी धरून ठेवायलाच बघतो, आणि नेमका तोच हात ‘वर करा, काख धुवायची आहे’ म्हणून मागता तुम्ही. नाही देणार.

थंडीचं सांगतो. ओलं अंग आणि टॉवेल दुसऱ्या खोलीत. ‘अगं, टॉवेल कुठाय?’ ‘दोरीवर!’ ‘दोरीवर ओला आहे!’ ही बोलणी आमच्या घरात रोज माझ्या डोक्यावरून व्हायची आणि मी कुडकुडत बसायचो. दार अर्धं उघडं. एकदा त्याच अवस्थेत गॅसवाला येऊन सिलिंडर ठेवून गेला. त्यानंतर मी आठ दिवस पाणी घेतलं नाही. बायकोला आजही वाटतं, मला तेव्हा ताप होता म्हणून.

माझ्याशी कुणी बोलायचं नाही, माझ्याविषयी बोलायचे. ‘आज यांना केस धुवायचे का?’ हे मुलाला विचारायचे. मला विचारा ना. उत्तर नाही आलं तरी विचारा. आणि विचारून चहा थंड होईपर्यंत थांबा, उत्तर यायला तेवढा वेळ लागतो.

गरम पाण्याचं तर लिहून ठेवा. माझ्या उजव्या पावलावर हंड्यातलं कढत पाणी सांडलं. मला कळलंच नाही. फोड दुसऱ्या दिवशी मोजे काढताना दिसला. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर घालून बघायचं. रोग्याच्या लुळ्या हाताने कधीच नाही. सुरुवात बऱ्या पायावर, एक तांब्या, सांगून. डोक्यावर सगळ्यात शेवटी, किंवा त्या दिवशी नाहीच.

शक्य असेल तर तांब्या त्यांच्या हातात द्या. सांडेल अर्धा. सांडू दे.

वेळही बघा. सकाळी सात ही आपल्या घरांची वेळ आहे, आजाऱ्याची नव्हे. मला रक्तदाबाची गोळी घेतल्यावर उभं राहिलं की भोवळ यायची. लकव्यानंतरचा थकवा साध्या झोपेने जात नाही. आंघोळ झाली की मी दोन तास निपचित. म्हणून माझी वेळ दुपारी बाराची, ऊन असेल तेव्हा. जेवणाआधी.

बोट दुखलं. बाकी नंतर.

येळ्ळूरकर | १२ जुलै, सकाळी १०.४५

डाव्या_हाताने, नमस्कार घ्या. माझा पहिला प्रतिसाद कोरडा होता. वाईप्सवाला.

डाव्या_हाताने | १२ जुलै, सकाळी ११.३०

वाईप्स वाईट नाहीत ओ. रात्री दोन वाजता तेच उपयोगी पडतात. रोजची आंघोळ नको हे तुमचं बरोबरच आहे. तोंड, काखा, जांघा, बूड आणि लुळी मूठ, एवढं रोज झालं की बाकीचं अंग दोन दिवस थांबतं.

मागावरची_सून | १२ जुलै, रात्री ९.१५

लुळ्या मुठीचं काय? मामांची उजवी मूठ सदा आवळलेली. उघडायला गेलं की अजून आवळते. वास बहुतेक तिथूनच येतोय.

फिजिओ_टिळकवाडी | १२ जुलै, रात्री १०.३०

बोटं सरळ ओढू नका, उघडणार नाहीत आणि दुखेल. आधी त्यांचं मनगट हळूच आतल्या बाजूला, तळहाताकडे वाकवा. मनगट वाकलं की बोटांच्या शिरा सैल होतात आणि मूठ आपसूक ढिली पडते. मग अंगठा मुळापासून धरून बाहेर घ्या, टोकाला धरून नको. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून ठेवला तर आणखी सोपं. धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नखं कापा, आणि मऊ सुती कापडाची जाडसर गुंडाळी हातात द्या. रबरी चेंडू देऊ नका, घट्ट दाबण्याच्या व्यायामाने मूठ आणखी आवळते.

रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेलच, तर दाढीला ब्लेड नको. बॅटरीचं ट्रिमर घ्या.

तोंडाचं निपाणीकर ताईंनी काढलंच आहे, त्यात एक भर: लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि माणसाला पत्ता नसतो. तो नंतर श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतर मामांना सरळ बसवूनच ठेवा, गालात बोटाला फडकं गुंडाळून फिरवा, मगच आडवं करा.

निपाणीकर_लेक | १३ जुलै, सकाळी ७.२०

केस धुवायचे असतील तर न्हाणीत न्यायची गरज नाही. पलंगावर आडवं झोपवून, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, त्यावर पेरणीच्या वेळी झाकायचा तो प्लॅस्टिकचा कागद. दोन्ही कडा गुंडाळून पन्हळ करायची आणि टोक खाली बादलीत सोडायचं. आईचे केस मी असेच शिकेकाईने धुते. थेंब सांडत नाही असं नाही, सांडतो.

मागावरची_सून | १५ जुलै, रात्री ११.००

आज मूठ उघडली.

परातीत कोमट पाणी घेऊन मामांच्या डावीकडे बसले. ‘मामा, हात भिजवू का?’ विचारलं आणि खरोखर थांबले. घड्याळ बघत होते, दीड मिनिट झालं. मग त्यांनीच डाव्या हाताने उजवा हात उचलून परातीत ठेवला. तोंडाने अर्थातच ‘नको’.

मनगट वाकवलं तशी बोटं सुटली. आत तळहात पांढराफटक, भिजलेल्या कागदासारखा सुरकुतलेला, आणि त्यावर नखांच्या चार चंद्रकोरी. एक थोडी चिघळलेली. याच हाताने धोट्याची दोरी ओढायचे, तळव्याला घट्टा होता. तो घट्टा आता सालपटासारखा सुटून पाण्यात तरंगला. मामा तो बघत राहिले. डावीकडे होता ना, दिसला. सासूबाईंनी तो परातीतून उचलला आणि पदराच्या टोकात बांधला. कशाला, ते मी विचारलं नाही.

पाय काल-परवाच बादलीत घेतले होते, ते चाललं. पाठ पुसलेली चालली. कमरेखालचं अजून दांडीच धरतात. नातं मध्ये येतंय, आणि ते मीही नाकारत नाही. गल्लीच्या टोकाला एक बैलहोंगलकडचे काका आहेत, दवाखान्यात वॉर्डबॉय होते, निवृत्त. कानडीच बोलतात. त्यांना विचारलंय. भाषेचं काय होईल माहीत नाही.

हिंडलगा_नाका | १५ जुलै, रात्री ११.२०

भाषेचं काय व्हायचंय वैनी, सूत आनूलालते तवा तुमचे मामा व्यापाऱ्यासंगं कानडीतच भांडत असतील की.

चंदगडी | १६ जुलै, सकाळी ९.१०

एक विषयांतर. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय का? सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त लागतं. ऑनलाइन अर्ज होतो. आम्ही उगाच वर्षभर टाळलं.

आणि न्हाणीत अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, बऱ्या हातातलं बळ गेलं, तर ‘थकले असतील’ म्हणून झोपवू नका. लगेच १०८. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा असते. आमचा तेवढा वेळ चंदगडहून बेळगावला यायचं की नाही हे ठरवण्यातच गेला होता.

मागावरची_सून | २१ जुलै, रात्री १०.२०

उशिरा लिहितेय. डोळ्यांचं निघालं तसंच. दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू नाही.

काका रविवारपासून येतात, साडेअकराला. न्हाणीच्या पायरीवर मिस्टरांनी फळीचा उतार केला (हिंडलगा, तुमची फळी). खुर्ची फिरवली, आता भिंत उजवीकडे. मामांच्या डाव्या हाताला धरता येईल अशी समोरच्या भिंतीत दांडी बसवायची आहे, पण गवंडी पाऊस थांबल्यावर येतो म्हणतो. तोवर मिस्टर समोर उकिडवे बसतात आणि मामा त्यांचा खांदा धरतात. टॉवेल दोन, दोन्ही कोरडे, इस्त्री करून. हल्ली कपडे वाळवायला इस्त्रीच लागते. मी आत जात नाही. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहते.

पहिल्या दिवशी कमरेला पंचा गुंडाळूनच बसवलं. काकांनी पाण्यात कोपर घातलं, ‘बिसी नीर’ (गरम पाणी) म्हणून तांब्या मामांना दाखवला, मग डाव्या पायावर ओतला. थांबले. विचारलं, ‘साकु?’ म्हणजे कानडीत ‘पुरे?’

मामा काही बोलले नाहीत. दुसरा तांब्या. ‘साकु?’ नाही. असे पाच की सहा झाले. मग आतून आवाज आला, ‘साकु’.

मामांचा होता. चार महिन्यांत ‘नको’शिवाय दुसरा शब्द. सासूबाई बाहेर देव्हाऱ्याशी होत्या, त्यांनी मला विचारलं, कोण बोललं गं?

फिजिओ_टिळकवाडी | २१ जुलै, रात्री १०.५०

दोन भाषा येणाऱ्यांमध्ये एखादी आधी परत येते, असं होतं. लवकरात लवकर वाचा-उपचार सुरू करा, आणि मामांना कानडी येतं हे त्या उपचार करणाऱ्यांना पहिल्यांदा सांगा.

मागावरची_सून | २२ जुलै, दुपारी १२.३०

सांगते. आज मात्र आंघोळ झाली नाही. काका आले, मामांनी दांडी धरली. काकांनी ‘साकु?’ विचारलं, मामा म्हणाले ‘साकु’. काका म्हणाले बरं, आणि चहा पिऊन गेले. तोंड, जांघा आणि मूठ तेवढी पुसून घेतली.

चंदगडी, त्या खुर्चीच्या रबरी टोप्या खडेबाजारात मिळतील का, की हार्डवेअरवाल्याकडेच बघू?